छत्री उघडायला जागा कुठे आहे? (स्टेशन आणि स्टेशनबाहेरचं गाव)

अर्धीखिडकी

मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय. लांबला आहे, चहा घेऊन बसा.

मी आर्किटेक्ट. आमचं सात जणांचं छोटं ऑफिस. गेले चार महिने एका स्टेशनाच्या आणि त्याच्या भोवतालच्या अर्ध्या किलोमीटरच्या आराखड्यावर काम चाललंय. स्टेशन उपनगरातलं आहे. नाव सांगत नाही, कारण सगळं अजून कागदावर आहे आणि काम आम्हालाच मिळेल असंही नाही.

सुरुवात सगळे करतात तशीच केली. कॉम्प्युटरवर रुळांच्या वर भलंमोठं छत टाकलं, छतावर झाडं लावली, झाडांखाली माणसं सोडली. (ही माणसं आयती विकत मिळतात. सगळी गोरी, सगळ्यांच्या हातात कॉफी. खांद्याला पर्स, हातात भाजीची पिशवी आणि काखेत छत्री अशी बाई शोधण्यात आमच्या ट्रेनीचा अख्खा दिवस गेला. शेवटी त्याने स्वतःच्या आईचा फोटो कापून चिकटवला.) चित्र झकास झालं. साहेब खूश, मीही खूश.

मग जुलैत एका संध्याकाळी मोजमापं तपासायला गेले आणि पाऊस आला. पश्चिमेला उतरणाऱ्या जिन्याशी शहाळेवाल्याच्या बाजूला आडोसा मिळाला. तिथे पावणेसात ते आठ उभी होते. त्या सव्वा तासापायी हा धागा.

जिन्यावरचे पत्रे शेवटच्या चार पायऱ्या उरल्या असताना संपतात. का, ते देव जाणे. उतरणारा प्रत्येक जण बरोबर त्या रेषेवर थांबतो. मोबाइल खिशात, पिशवी या हातातून त्या हातात, छत्रीची कळ, एक काडी शेजारणीच्या केसांत, सॉरी सॉरी, छत्री डोक्यावर आणि पहिलं पाऊल डबक्यात. सगळं मिळून पाच-सहा सेकंद. पण मागे फास्ट लोकल रिकामी होत असते. दोन मिनिटांत रांग जिना चढून वर पुलावरच्या इंडिकेटरखाली पोचते. वरच्यांना खाली काय खोळंबलंय ते दिसत नाही, म्हणून ते रेटतात.

मला तिथे उभ्या उभ्या २९ सप्टेंबर २०१७ आठवला. मुंबईच्या एल्फिन्स्टन रोड स्टेशनचा पादचारी पूल. सकाळची वेळ, जोराचा पाऊस, आडोशाला थांबलेले लोक खाली उतरेनात, मागून गाड्या येतच राहिल्या. चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. मग लष्कराने नवा पूल बांधला, तो फेब्रुवारी २०१८ मध्ये खुला झाला, त्याच जुलैत स्टेशनचं नाव प्रभादेवी झालं. पुलांची रुंदी वाढतेय, चांगलंच आहे. पण त्या सकाळी माणसं थांबली का, हे रुंदी मोजून कळत नाही.

ऑफिसात परत येऊन झाडांचा लेयर बंद केला आणि कोऱ्या कागदावर नुसती पावलं काढली. स्टेशनातून बाहेर पडलेला माणूस पहिल्या पंचवीस पावलांत कुठे थांबतो, कशासाठी थांबतो, कुठे वळतो. छत्री. रिक्षाची रांग. भाजी. फोन ("उतरलेय, कुकर लाव"). चपलेतलं पाणी झटकणं. साहेबांनी कागद उलटसुलट करून बघितला आणि म्हणाले, हे प्रेझेंटेशनमध्ये कुठे लावायचं?

तर तुमच्या स्टेशनबाहेरची पहिली पंचवीस पावलं सांगा. देशात-परदेशात कुठे हे नीट केलेलं पाहिलं असेल तर तेही. काचेचे घुमट नकोत, ते माझ्याकडे पोत्याने आहेत.

---

शेवटचा डबा

पहिली पंचवीस पावलं माझी नसतातच ताई. मागचे चालवतात. सव्विसावं माझं.

---

चवळीची शेंग

काय विषय काढलास! माझी पंचवीस पावलं पाठ आहेत. जिना संपला की डावीकडे मोबाइलच्या कव्हरवाला, तो टाळायचा. मग चार पावलं तिरकं, कारण तिथलं झाकण बसलंय आणि कायम पाणी असतं. मग मावशी. मावशींकडे निवडलेली भाजी असते. तोडलेली गवार, सोललेला लसूण, पावसाळ्यात कधी कधी निवडलेला टाकळासुद्धा, वीस-वीस रुपयांच्या पिशव्या. घरी पोचायला पावणेनऊ होतात. मेथीची जुडी घेतली तर ती निवडणार कोण आणि कधी? गाडीत बसायला मिळालं तर डब्यात निवडतो आम्ही, पण बसायला मिळालं तर ना.

हे सगळं स्टेशनच्या नव्या चित्रात "रिटेल" म्हणून आत जातं, काचेच्या दारामागे. तिथे जायला वर चढा, वळा, बॅग तपासा. चालत्या गर्दीतून हात लांब करून पिशवी घेतली, सुटे दिले आणि रिक्षाची रांगही चुकली नाही, हे त्या दुकानात होत नाही.

---

सरळरेषा

धागा चांगला आहे, पण वरच्या प्रतिसादात फेरीवाल्यांचं कौतुक सुरू झालं म्हणून लिहितो. गर्दी छत्रीमुळे होत नाही. सोळा फुटांच्या रस्त्यातले दहा फूट अडवल्यामुळे होते. एल्फिन्स्टनच्या घटनेनंतर १ नोव्हेंबर २०१७ ला मुंबई उच्च न्यायालयाने स्टेशनपासून १५० मीटरच्या आत फेरीवाले नकोत असं स्पष्ट सांगितलं. १५० मीटरचे पट्टेही रंगवले होते काही ठिकाणी. पट्टे पुसले गेले, फेरीवाले तिथेच. आधी रस्ता मोकळा करा, मग डिझाइन करा.

---

लसूणचटणी

सरळरेषा साहेब, वाद घालत नाही, पण एक बाजू सांगतो.

माझे वडील एका स्टेशनबाहेर बावीस वर्षं वडापावची गाडी लावायचे. मी बारावीपर्यंत संध्याकाळी तिथेच पाव कापायचो. "गाडी आली" म्हटलं की तुम्हाला लोकल आठवत असेल, मला अजून पालिकेची गाडी आठवते. कढई तापलेली. तेल ओतून टाकता येत नाही, उचलताही येत नाही. वडील कढईचे कान फडक्याने धरून समोरच्या जिन्याखाली पळायचे आणि मी गल्ला घेऊन उलट्या दिशेला. एकदा तेल सांडलं. त्यांच्या डाव्या पोटरीवर डाग आहे.

२०१४ चा फेरीवाला कायदा सांगतो की सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कोणाला हटवायचं नाही. त्यात "नैसर्गिक बाजार" असा शब्द आहे, म्हणजे विकणारे आणि घेणारे पूर्वापार जमत आलेत अशी जागा. स्टेशनच्या तोंडाइतका नैसर्गिक बाजार दुसरा कुठला? दादरला पश्चिमेला उतरा. वर उड्डाणपुलाला नाव कवी केशवसुतांचं, खाली पहाटेपासून झेंडू नि शेवंती. कोणत्याही प्लॅनरने तिथे फूलबाजार नव्हता आखला. फुलं गाडीने येत होती आणि गिऱ्हाईकही गाडीनेच येत होतं.

रस्ता अडू नये हे मलाही मान्य आहे. वडिलांनाही होतं. ते म्हणायचे, आम्हाला एक ओटा द्या आणि एक नळ द्या, रेषेच्या बाहेर गेलो तर कानाखाली मारा.

---

अर्धीखिडकी

लसूणचटणी, "एक ओटा आणि एक नळ" वाचून मी खुर्चीतून उठले. अगदी हेच आर्किटेक्ट चार्ल्स कोरिया यांनी १९६८ मध्ये मुंबईच्या पदपथांसाठी सुचवलं होतं! पदपथाच्या कडेला दोन मीटर रुंद आणि अर्धा मीटर उंच असे सलग ओटे, आणि साधारण तीस-तीस मीटरवर एकेक नळ. दिवसा ओट्यावर फेरीवाले, चालणाऱ्यांना पुढचा पट्टा मोकळा. संध्याकाळी नळ सोडून ओटे धुवायचे, रात्री त्यावर बेघर माणसं झोपणार. छप्पर नाही, काच नाही, काही नाही. अर्धा मीटर उंची एवढंच काय ते डिझाइन, कारण तेवढ्या उंचीमुळे माल पुढे सरकत नाही आणि गिऱ्हाइकाला पार जमिनीपर्यंत वाकावं लागत नाही. कागदावरच राहिलं.

कॉलेजात शिकले होते, आणि चार महिन्यांत एकदाही आठवलं नाही. तुमच्या वडिलांना नमस्कार सांगा.

---

वेताळटेकडी

आमच्या पुण्यात स्टेशनचं डिझाइन हा विषय फार पूर्वीच निकालात निघालाय. मेट्रोच्या डेक्कन आणि संभाजी उद्यान स्टेशनांना मावळ्याच्या पगडीचा आकार दिलाय. आता सांगा, पगडीत छत्री कुठे उघडायची?

गंमत सोडा. पगडी नदीपात्रातून किंवा पुलावरून छान दिसते. पण स्टेशनात शिरणाऱ्याला ती दिसतच नाही, तो तिच्या आत असतो. रस्त्यावर जिना जिथे उतरतो तिथला कट्टा कसा आहे, रिक्षा कुठे थांबते, पीएमपीचा थांबा किती लांब आहे, हे त्याच्या वाट्याला येतं. तेवढ्या भागाचं चित्र कोणी फेसबुकवर टाकत नाही.

---

शेवटचा डबा

पुण्यात चालणारा माणूस शिल्लक आहे हे वाचून आनंद झाला.

---

वेताळटेकडी

आहे. हेल्मेट घालून चालतो.

---

खडी_आणि_स्लीपर

रेल्वेच्या स्थापत्य विभागातून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. धागा वाचून राहवलं नाही.

ताई, पत्रे चार पायऱ्या आधीच का संपतात ते देव जाणे म्हणालात. देवाचा संबंध नाही. रेल्वेची हद्द तिथे संपते. बहुतेक जुन्या स्टेशनांवर शेवटची पायरी किंवा तिच्या जरा अलीकडे आमची हद्द संपते, पुढचा रस्ता पालिकेचा. आमच्या नकाशात हद्दीची रेघ असते, पत्र्याचा खांब रेघेच्या आत. खांबाच्या पुढे दीड-दोन मीटर पत्रा लोंबता ठेवता येतो, पण तो दुसऱ्याच्या जागेवर जातो. मग पत्रव्यवहार. मी स्वतः असा एक कागद अडीच वर्षं फिरताना पाहिलाय. कागद परत आला तेव्हा पत्रा बदलायचीच वेळ झाली होती.

म्हणजे तुमची छत्री जिथे उघडते ती रेघ दोन कार्यालयांमधली आहे.

दुसरं म्हणजे काम करायला वेळ कुठे असतो? शेवटची लोकल गेल्यापासून पहिली येईपर्यंत दोन-अडीच तास. त्यात वरची वीज बंद करून घ्यायची (२५ हजार व्होल्ट आहेत, गंमत नाही), क्रेन आणायची, काम करायचं, सगळं आवरून रूळ परत द्यायचा. ठाण्याचा पाच नंबरचा फलाट आठवा. तो दोन-तीन मीटर रुंद करायला मे २०२४ च्या शेवटी ६३ तासांचा ब्लॉक घ्यावा लागला. रूळ सरकवले, आधीच ओतून ठेवलेले काँक्रीटचे ठोकळे ओळीने बसवले. लोकांनी शिव्या घातल्या, घालणारच. पण दोन मीटर म्हणजे गर्दीच्या वेळी काय असतं ते ठाणेकरांना विचारा.

सांगायचं एवढंच की चित्रात रुळांवर छत टाकायला एक क्लिक लागते. आम्हाला एकेक गर्डर रात्री दीड ते चार या वेळात चढवावा लागतो.

---

अर्धीखिडकी

काका, हद्दीची रेघ! चार महिने नकाशावर ती लाल तुटक रेघ बघतेय आणि पत्र्याशी तिचा संबंध जोडला नाही. धन्यवाद. (आणि ती एक क्लिकही नसते हो, रेंडर व्हायला रात्र जाते. पण मुद्दा पोचला.)

ठाण्याचा विषय निघालाच आहे तर सॅटिसबद्दल (स्टेशनबाहेरचा बसचा उंच डेक) तुमचं मत काय? मला त्यातली एक गोष्ट आवडते. बस वर आणली, पादचारी पुलाच्या पातळीला. म्हणजे गाडीतून उतरलेला माणूस पूल चढतो तो चढतोच, परत खाली न उतरता बसच्या रांगेत जातो. रिक्षा खाली. चढ-उतार एकदाच.

---

खडी_आणि_स्लीपर

कल्पना बरोबर आहे. गुडघ्यांचा हिशोब कोणीतरी पहिल्यांदा मांडला असं मला वाटलं होतं. पण वरचा डेक झाला की खालचं जग अंधारात जातं, खांबांच्या मधे. खाली रिक्षाची रांग, डेकवरून गळणारं पाणी, दिवसाही ट्यूबलाइट. वरच्याची सोय आणि खालच्याची सावली असा तो सौदा आहे. बाकी सरकते जिने सगळीकडे चढायलाच का लावतात हे मला बायको विचारते. उतरताना गुडघा जास्त दुखतो हे तिचं म्हणणं खरं आहे.

---

पामबीच

नवी मुंबईकर हजर. आमच्याकडे उलटा प्रकार आहे: स्टेशन आधी, गाव नंतर.

थोडा इतिहास. खाडीपलीकडे नवं शहर वसवावं ही कल्पना कोरिया, आर्किटेक्ट प्रवीणा मेहता आणि इंजिनिअर शिरीष पटेल यांनी साठच्या दशकाच्या मध्यावर मांडली. सिडको १९७० ची. लोकल मात्र खाडी ओलांडून वाशीला पोचली १९९२ मध्ये. रेल्वेकडे पैसे नव्हते, म्हणून खर्चाचा ६७ टक्के वाटा सिडकोने उचलला, ३३ टक्के रेल्वेने. बदल्यात स्टेशनं सिडकोने बांधली, डोक्यावर आणि आजूबाजूला ऑफिसं-दुकानं काढून विकायचा हक्क घेतला. वाशी, बेलापूर इथे तुम्ही फलाटावर उभे असता तेव्हा वर कोणीतरी संगणकासमोर बसलेलं असतं. सीवूड्सला तर २०१७ पासून स्टेशनच्या अंगावरच मॉल आहे.

चांगलं काय? जागा. फलाट रुंद, छत उंच, पूर्व-पश्चिम जायला रुळांखालून भुयारी रस्ते. माझी आई दादरहून नेरुळला पहिल्यांदा आली तेव्हा म्हणाली, "एवढं मोठं स्टेशन आणि माणसं कुठायत?" तेव्हा खरंच नव्हती.

वाईट काय? स्टेशनला तोंड आहे, पण अंगण आहे असं वाटत नाही. बाहेर पडलं की भलामोठा पार्किंगचा पट्टा, मग रुंद रस्ता, मग वस्ती. पंचवीस पावलांत काहीच येत नाही, दोनशे पंचवीस लागतात, तीही उन्हात. वडापाववाला, चांभार, किल्लीवाला हे सगळे नंतर येऊन भुयारी रस्त्याच्या तोंडाशी बसले. म्हणजे ड्रॉइंगमध्ये नसलेला बाजार लोकांनी स्वतः भरून काढला.

---

चवळीची शेंग

स्कायवॉकबद्दल कोणीच बोललं नाही? २००८ मध्ये वांद्रे पूर्वेला पहिला झाला, स्टेशन ते कलानगर, मग गावोगाव पिवळे-निळे पत्रे उभे राहिले. वांद्र्याचा तर पुढे बंद करून पाडलासुद्धा.

आमच्या स्टेशनला आहे एक. पावसात मी वापरते, खोटं बोलणार नाही. चिखल नाही, रिक्षा अंगावर येत नाही. पण रात्री साडेनऊनंतर नाही. वर चढलं की पुढचा जिना तीनशे मीटरवर, मधे उतरायला वाट नाही, दोन्ही बाजूंनी जाळी, आणि समोरून एकटा माणूस येत असला तर छातीत धस्स होतं. खाली रस्त्यावर गर्दी आहे, घाण आहे, पण मावशी बसलेल्या असतात, इस्त्रीवाला असतो. कोणी काही केलं तर ओरडता येतं. सरळरेषा, तुम्हाला जो दहा फुटांचा अडथळा वाटतो ना, तोच रात्री मला सोबत असतो.

---

सरळरेषा

हे मला कधी सुचलं नव्हतं, कबूल करतो. तरी चालायला जागा हवीच. सकाळी स्ट्रेचर न्यायची वेळ आली तर काय? आमच्या शेजाऱ्यांना स्टेशनातून बाहेर काढताना हमालांनी पाच मिनिटं नुसतं "बाजू, बाजू" केलं होतं.

---

तोक्योकर

इकडे आता रात्रीचे दीड वाजलेत, पण झोप उडवलीत.

घुमट नकोत म्हणालात, म्हणून एका भिंतीबद्दल लिहितो. शिंजुकु. कोरोनाआधी रोज ३५ लाखांच्या आसपास माणसं त्या स्टेशनातून जायची, जगात सर्वाधिक. सोळा वर्षांपूर्वी इथे आलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात पूर्वेच्या दाराने बाहेर पडलो आणि कळलं की ऑफिस पश्चिमेला आहे. मधून जाणारा रस्ता होता, पण तो तिकिटाच्या दारांच्या आत. बाहेरून जायचं तर बाजूचे बोगदे आणि गल्ल्या शोधत वळसा. मी पंचवीस मिनिटं फिरलो. आपल्याकडे पश्चिमेच्या मंडईतून पूर्वेच्या घरी जायला फलाट तिकीट काढतात (किंवा काढत नाहीत आणि टीसीला सापडतात), अगदी तसंच.

जुलै २०२० मध्ये त्यांनी तोच रस्ता मोकळा केला. इमारत नवी नाही बांधली. तिकिटाची दारं दोन्ही बाजूंना मागे सरकवली, मधला रस्ता २५ मीटर रुंद केला आणि तो शहराला देऊन टाकला. नावच "पूर्व-पश्चिम मुक्त मार्ग". उद्घाटनाचे फोटो अगदी कंटाळवाणे आहेत: एक लांब पांढरा बोगदा. पण मी त्या रस्त्याने पहिल्यांदा गेलो तेव्हा सोळा वर्षांपूर्वीच्या मला फोन करून सांगावंसं वाटलं.

पामबीच यांच्या ६७:३३ वरून आठवलं. ओसाकाकडे इचिझो कोबायाशी नावाचा गृहस्थ होता. १९१० मध्ये त्याने शहराबाहेर शेतांतून रेल्वे टाकली, तिच्या कडेने घरं बांधून हप्त्यांवर विकली, आणि १९२९ मध्ये दुसऱ्या टोकाला उमेदा स्टेशनवर डिपार्टमेंट स्टोअर उघडलं. रेल्वेच घरं विकणार, रेल्वेच दुकान चालवणार, सकाळी नोकरदारांना एका दिशेने आणि दुपारी बायकापोरांना खरेदीला नेणार. फरक एवढाच की गाडी, घर आणि दुकान एकाच मालकाचं असल्यामुळे पत्र्याचा कागद अडीच वर्षं फिरत नाही. काकांची ती रेघ इथे पुष्कळ ठिकाणी नाहीच.

सगळं गोड आहे असं नाही. शिंजुकुत हरवण्याचा अनुभव आजही मोफत मिळतो. आणि बसायला बाकडी फार थोडी. म्हाताऱ्या बायका कॉफी विकत घेऊन बसतात, कारण खुर्ची कॉफीबरोबरच मिळते.

---

शेवटचा डबा

हरवायला शिंजुकुला कशाला जायचं? ९ डिसेंबर २०२३ ला दादरला मध्य रेल्वेचा एक नंबर फलाट आठ नंबर झाला. आमचे बाबा अजून "जुना एक" म्हणतात. जुना एक, नवा आठ, पश्चिमेचा एक वेगळा. पाहुण्यांना फोनवर सांगताना घरात भांडण होतं.

---

खडी_आणि_स्लीपर

पण तो बदल योग्यच होता. एका स्टेशनात दोन-दोन एक नंबर, दोन-दोन चार नंबर होते. बाहेरगावचा माणूस चार नंबरवर उभा राहून दुसऱ्या चार नंबरवरची गाडी चुकवायचा. पश्चिमेचे एक ते सात, पुढे मध्यचे आठ ते चौदा, संपला विषय. खर्च म्हणाल तर पाट्या रंगवण्याचा आणि उद्घोषणा बदलण्याचा. दादरला गेल्या वीस वर्षांत इतक्या स्वस्तात झालेलं दुसरं चांगलं डिझाइन मला आठवत नाही.

---

लसूणचटणी

सरकारी योजनेत काय असतं हो नक्की? सीएसएमटीचं मोठं काम निघालंय ना?

---

अर्धीखिडकी

हो. सप्टेंबर २०२२ मध्ये केंद्राने नवी दिल्ली, अहमदाबाद आणि सीएसएमटी या तीन स्टेशनांना मिळून सुमारे १०,००० कोटींची मंजुरी दिली. त्यात "रूफ प्लाझा" हा लाडका शब्द आहे, म्हणजे रुळांच्या वर ३६, ७२ किंवा १०८ मीटर रुंदीचा मजला, त्यावर प्रतीक्षा, दुकानं, खाणं. स्टेशनने शहराच्या दोन्ही बाजू जोडाव्यात हेही त्यात चक्क लिहिलंय. सीएसएमटीची अडचण म्हणजे आर्किटेक्ट स्टीव्हन्सची १८८८ मध्ये पूर्ण झालेली इमारत २००४ पासून जागतिक वारसा यादीत आहे, तिच्या शेजारी काहीही उभं करणं म्हणजे आजेसासूबाईंच्या शेजारी सेल्फी काढणं.

छोट्या स्टेशनांचीही कामं झालीत. मे २०२५ मध्ये देशभरातल्या १०३ स्टेशनांचं एकदम उद्घाटन झालं, त्यात आपल्याकडची चिंचपोकळी, परळ, माटुंगा, वडाळा रोड आहेत. जवळ राहणाऱ्यांनी जाऊन बघा आणि मला एवढंच सांगा: पत्रा कुठे संपतो?

---

चवळीची शेंग

ताई, तुमच्या प्रेझेंटेशनचं काय झालं?

---

अर्धीखिडकी

काल झालं. पावलांचा कागद मी शेवटच्या स्लाइडच्या आधी घुसवला. झाडांच्या छतावर पंधरा मिनिटं चर्चा झाली. पावलांवर एकच प्रश्न आला: "हे जिन्याशी काय दाखवलंय?" मी सांगितलं, पत्रा वीस फूट पुढे न्यायचा, खाली दीड फूट उंचीचा ओटा, एक नळ, आणि रेघेच्या पलीकडचे खांब पालिकेच्या खर्चातून. समोरचे एक गृहस्थ हसले. "रेघेच्या पलीकडचे" या शब्दाला हसले, काका, तुम्हाला कारण सांगायला नको. पण कागद ठेवून घेतलाय.

आज सकाळी परत साइटवर गेले, वीस फूट नक्की कुठवर येतात ते टेपने बघायला. तर पत्रा संपतो तिथून पुढे निळी ताडपत्री बांधलेली. एक दोरी पत्र्याच्या शेवटच्या खांबाला, दुसरी समोरच्या विजेच्या खांबाला, मधे बांबू. शहाळेवाल्याने बांधलीय. म्हणाला, लोक भिजायला लागले की थांबत नाहीत, शहाळं कोण घेणार? पाऊस चालूच होता. लोक पत्र्याखालून सरळ ताडपत्रीखाली येत होते आणि पलीकडच्या टोकाला पोचेपर्यंत चालता चालता छत्री उघडत होते. जिन्यावर कोणी थांबत नव्हतं. मी पंधरा मिनिटं उभी राहून बघितलं.

---

खडी_आणि_स्लीपर

बांबू कुठे रोवलाय? आमच्या हद्दीत की त्यांच्या?

---

अर्धीखिडकी

बरोबर रेघेवर, काका.

---

सरळरेषा

ताडपत्री किती फुटी आहे?

---

अर्धीखिडकी

बारा बाय अठरा. संध्याकाळी फोटो टाकते, तोवर काढली नाही तर.